सख्त हरकत

आमच्या शाळेच्या फाटकावर नोटीस डकवली गेली त्या दिवशी मी भाजी घेऊन परत येत होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी बाजारातून येताना मी जवळचा रस्ता सोडून शाळेवरूनच येते. कागद अजून ओला होता, खळ खाली ओघळत होती. ‘विद्यालय भवन जर्जर घोषित किया जाता है. ध्वस्तीकरण के संबंध में किसी को आपत्ति हो तो सात दिन के भीतर लिखित में प्रस्तुत करे.’ मी तीनदा वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

जर्जर! मराठीत दुखण्यांनी पिचलेल्या माणसाला जर्जर म्हणतात. आणि आपत्ती म्हणजे पूर, भूकंप, असलं काहीतरी. हिंदीत आपत्ति म्हणजे नुसता आक्षेप. हे सगळं मला चांगलं ठाऊक आहे, माझा जन्म इथेच गेला आहे. पुढे जे झालं ते ठाऊक नसल्यामुळे झालं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं शहर गाझियाबादच्या पलीकडे आहे. दिल्लीत कुणी विचारलं तर आम्ही सरळ ‘गाझियाबाद’ सांगतो, कारण खरं नाव सांगितलं तरी समोरचा ‘वो कहाँ पड़ता है?’ असंच म्हणतो. माझे वडील कोल्हापूरकडचे. गाझियाबादच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि तिथे घर मिळेना म्हणून इथे राहायला आले. मुलींची सरकारी शाळा एकच होती. मी तिथे सहावीत गेले आणि पुढे तिथेच तीसेक वर्षं गणित शिकवलं. मधली कॉलेजची वर्षं सोडली तर माझं आयुष्य त्या एका व्हरांड्यात गेलं.

ही इमारत शाळा म्हणून बांधलेलीच नाही. धान्यबाजारातल्या व्यापाऱ्यांनी ती धर्मशाळा म्हणून बांधली. मधे अंगण, अंगणात विहीर, पूर्वेला आणि पश्चिमेला खोल्यांची एकेक रांग, आणि त्यांना जोडणारी दक्षिणेच्या व्हरांड्याची तिसरी रांग. प्रत्येक खोलीत दिव्यासाठी कोनाडा. मुख्य दाराच्या वर दगडात कोरलंय, ‘यात्रियों के विश्राम हेतु’. शाळा झाल्यावरही तो दगड कुणी काढला नाही. आम्हाला गणिताच्या तासाला झोप आली की आम्ही त्या दगडाचा हवाला द्यायचो, आणि पुढे माझ्या विद्यार्थिनींनी तोच विनोद मला ऐकवला.

फाळणीनंतर सीमेपलीकडून आलेली कुटुंबं इथे राहिली. आठवीच्या वर्गाच्या चौकटीवर चाकूने मारलेल्या रेघा आहेत. कुणीतरी आपल्या पोरांची उंची मोजत होतं. काही रेघांपाशी उर्दू अक्षरं आहेत, काहींपाशी गुरुमुखी. सगळ्यात वरची रेघ माझ्या खांद्याला लागते. ती कुटुंबं आपापल्या घरी गेल्यावर इमारत रिकामी पडली, आणि मुलांच्या शाळेत मुली पाठवायच्या नाहीत असं गावाचं मत होतं, म्हणून ही जुनी धर्मशाळा मुलींच्या पदरात टाकली. उरलंसुरलं मुलींना द्यायची रीत काही आजची नाही. फक्त या वेळी देणारे फसले. शहरातली सगळ्यात चांगली इमारत मुलींना मिळून गेली.

ती किती चांगली हे मला वडिलांनी दाखवलं. पालकांच्या सभेला ते यायचे आणि बाई माझ्या मार्कांबद्दल बोलत असताना छताकडे बघत उभे राहायचे. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी येताना ते मला सांगत, भिंत दोन फूट जाड आहे, वीट बोटभर जाडीची आहे, सांध्यात चुना आहे. दक्षिणेचा व्हरांडा दहा फूट खोल आहे, त्यामुळे जूनमध्ये ऊन वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत पोचत नाही आणि जानेवारीत आत येऊन मुलींच्या पायांवर पडतं. छताला लागून रोशनदानं आहेत, तिथून गरम हवा निघून जाते. ‘ज्याने हे बांधलं त्याला कोन कळत होता,’ असं ते म्हणत. मी दहावीला त्रिकोणमिती शिकवायला लागले ती याच व्हरांड्यावर. पोरींना आधी बाहेर नेऊन सावली मोजायला लावायची, मग फळा.

एक कोडं मात्र त्यांना सुटलं नाही. एका पंधरा ऑगस्टला झेंडावंदन गच्चीवर होतं. भाषण चालू असताना वडील छत्रीच्या मुठीने गच्ची ठोकत फिरत होते. ‘पोकळ वाजतंय,’ ते मला हळूच म्हणाले. ‘हिच्या पोटात काहीतरी आहे.’ शिपायाने त्यांना हाकललं. पुढे कितीतरी वर्षं जेवताना मधेच ते म्हणत, अगं, ते छत एवढं थंड का राहतं?

आता त्या इमारतीला भेग कशी पडली ते ऐका, कारण नोटिशीत ते नाही. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा खोली हवी म्हणून व्हरांड्याच्या कमानी अर्ध्या भागात विटांनी बुजवल्या. मग पश्चिमेच्या रांगेवर, बरोबर आठवीच्या वर्गाच्या डोक्यावर, पाण्याची मोठी टाकी आणून बसवली. टाकीचा नळ न्यायला जागा हवी म्हणून गच्चीचं पाणी वाहून नेणारी दगडी पन्हळ तोडली आणि भोकात सिमेंट भरलं. दोन पावसाळ्यांत भिंतीला ओल आली आणि वरपासून खिडकीपर्यंत भेग गेली. म्हणजे धडधाकट माणसाच्या डोक्यावर ओझं द्यायचं, त्याचं नाक दाबायचं, आणि मग हा आजारी आहे म्हणून बोंब मारायची.

पण मला स्वतःचाही राग आहे, तोही सांगते. टाकी यायची होती तेव्हा स्टाफरूममध्ये विचारणा झाली होती. ‘किसी को कोई दिक्कत?’ मला होती. मी बोलले नाही. घरी येऊन वडिलांना सांगितलं तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या घरात एक वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारलं जातं, ‘काही हरकत नाही.’ दूध नासलं, काही हरकत नाही. घरमालकाने गच्चीला कुलूप लावलं, काही हरकत नाही. परक्या मुलखात आलेल्या माणसांची ती सवय आहे, कुणाला नडायचं नाही, मूग गिळून बसायचं. त्या दिवशी मीही स्टाफरूममध्ये मनातल्या मनात तेच म्हटलं.

भेग पडली तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले होते. म्हणाले, भेगेवर आडवी काचेची पट्टी बसव, दोन्ही टोकांना प्लास्टर लाव, वर तारीख घाल. भेग हलत असेल तर काच तडकेल. नाही तडकली तर इमारत सावरली असं समज. मी प्रयोगशाळेतून काच आणून तसं केलं. त्याच हिवाळ्यात वडील गेले. काच अजून अखंड आहे, मी रिटायर झाले त्या दिवशीसुद्धा शिडीवर चढून पाहिली होती. तपासणीला आलेला जे. ई., म्हणजे खात्याचा ज्युनियर इंजिनियर, खुर्चीवरून उठला नाही. चहा झाला, समोसा झाला, अंगणातून मोबाइलवर चार फोटो काढले आणि इमारत जर्जर झाली.

घरी आल्यावर भाजी तशीच टाकून मी अर्ज लिहायला बसले. टाकी, पन्हळ, काच, सगळं लिहिलं. एकटाकी तीन पानं. रागात माणूस आईच्या भाषेत जातो हे मला तेव्हा कळलं नाही, कळलं दुसऱ्या दिवशी, खात्याच्या ऑफिसात. तिथल्या बाबूने वरचा विषय मोठ्याने वाचला, ‘विद्यालय भवन गिराने पर मेरी सख्त हरकत.’ पानं उलटली. मग शेवटची ओळ वाचली, ‘कृपया मेरी हरकत दर्ज की जाए.’

मराठीत हरकत घेणं किती सभ्य काम आहे! हिंदीत हरकत म्हणजे चाळे, आगाऊपणा, पोरं वर्गात करतात तो. साठी उलटलेल्या बाईने लेखी दिलं होतं की माझे सख्त चाळे नोंदवून घ्या.

‘मैडम,’ बाबू म्हणाला, ‘हरकत तो आपने अभी की ही नहीं. दर्ज कैसे करूँ?’

सगळं ऑफिस हसलं. पंखा पुसणारा माणूससुद्धा स्टुलावर हसला. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी म्हटलं, ‘आपत्ति पढ़िए उसको. मराठी में हरकत को…’ ‘समझ गए मैडम, बिल्कुल समझ गए,’ तो म्हणाला आणि शिक्का मारून पोच दिली. मला तेवढ्याने समाधान वाटलं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्या पानाचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला होता आणि माझं नाव ‘हरकत मॅडम’ पडलं होतं.

रविवारी मुलगी मानेसरहून आली. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत ती इंजिनियर आहे. तिनेही वाचून आधी तोंडावर हात धरला. ‘यार आई, हरकत? सीरियसली?’

‘अगं, हरकत म्हणजे आक्षेप. काही हरकत नाही, असं आपण म्हणत नाही का?’

‘हां, पण ते तर नो प्रॉब्लेम ना?’ ती खरंच गोंधळली होती. ‘मला वाटायचं तो एकच वर्ड आहे. काहीहरकतनाही.’

तिचं काय चुकलं? तिने त्या घरात ‘नाही’शिवाय हरकत कधी ऐकलीच नव्हती. मी ती कधी घेतलीच नव्हती.

पंधरा दिवसांनी फाटकावर दुसरा कागद लागला. ‘निर्धारित अवधि में कोई आपत्ति प्राप्त नहीं हुई.’ मी पोच घेऊन तडक ऑफिसात गेले. बाबूने शांतपणे फाइल काढली. माझी तीन पानं ‘विविध’ नावाच्या फाइलीत होती, भटक्या कुत्र्यांची तक्रार आणि कुणाच्या तरी बदलीचा अर्ज यांच्या मधे. ‘शीर्षक में आपत्ति लिखा होता, तो आपत्ति वाली फाइल में जाता,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं. नियम सांगावा तसं त्याने सांगितलं. मी आपत्ति लिहिलं असतं तरी इमारत वाचली नसती, एवढी मी भोळी नाही. तीन पानांना त्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्याच असत्या. पण निदान कागदावर राहिलं असतं की एका माणसाने विरोध केला होता. आता कागद सांगत होता की सगळं शहर काही हरकत नाही म्हणालं.

एप्रिलमध्ये पाडायला सुरुवात झाली, तीही पूर्वेच्या रांगेपासून. तिथे भेग नव्हती, ओल नव्हती, काहीच नव्हतं. पण ट्रक त्या बाजूने आत येतो. भेगेची पश्चिमेची रांग कुलूप लावून ठेवली, ती नंतर पाडणार होते. वर्ग अंगणात पत्र्याच्या शेडखाली भरायला लागले.

मी रोज फाटकाबाहेर उभी राहायचे. चौथ्या दिवशी मजुरांनी गच्ची फोडायला घेतली आणि एकदम सगळे थांबले. त्यांतल्या एका बाईने मला हात केला. मी आत गेले, ढिगावर चढले. चुन्याच्या थराखाली मडकी होती. ओंजळीएवढी, मातीची, उलटी ठेवलेली, एकाला एक लागून, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्यांच्या पोटात हवा. वरून ऊन तापलं तरी ती हवा ते खाली येऊ देत नव्हती. शंभर वर्षं तरी ती अंधारात उलटी बसून आमची डोकी थंड ठेवत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

वडिलांना सांगायला हवं होतं. मला तिथे ढिगावर रडू फुटलं, आणि रडताना इतका राग आला की हातातलं मडकं मीच फोडते की काय असं वाटलं. जे. ई. गाडीतून उतरला तेव्हा मी ते त्याच्या हातात दिलं. त्याने आत डोकावून पाहिलं. ‘पुराने लोग थे, सीमेंट कम पड़ गया होगा,’ असं म्हणून त्याने ते मागच्या मागे राडारोड्यात टाकलं.

मे महिन्यात लू, म्हणजे इकडचा आगीसारखा वारा, सुरू झाली. पत्रा अकरालाच इतका तापायचा की त्याच्याखाली उभं राहवत नव्हतं. मुली वहीने वारा घेत बसलेल्या. मी डोक्यावर ओढणी घेऊन फाटकापाशी उभी होते, तेव्हा सातवीतल्या एका मुलीचा घोळणा फुटला. पांढऱ्या कुडत्यावर रक्त. तिला नळाखाली नेलं तर नळाला पाणी नाही, कारण टाकीचं पाणी तोडलेलं. मी माझ्या बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. प्रिन्सिपल धावत आली. ती माझ्याच हाताखाली तयार झालेली, माणूस वाईट नाही. मी म्हटलं, पश्चिमेचे वर्ग उघड. ती म्हणाली, ‘दीदी, ऑर्डर है. जर्जर है.’

‘काच बघितलीस का?’ मी चक्क मराठीत विचारलं. तिला काय कळणार.

आठवीच्या वर्गाचं दार जुनं सागवानी आहे. त्याचं एक पान खालून उचललं की बिजागरातून सुटून येतं आणि कुलूप तसंच लटकत राहतं. हे तीस वर्षांत उशिरा येणाऱ्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी चार दांडग्या मुलींना हाक मारली. पान निघालं. आतून जुन्या चुन्याचा गार वास आला. मुलींना दारात थांबवून आधी मी एकटी आत गेले, बाकावर स्टूल ठेवून चढले आणि ओढणीच्या टोकाने काच पुसली. माझ्या अक्षरातली तारीख दिसली. काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शाबूत होती. डोक्यावरची टाकी रिकामी होती. मग मी मुलींना आत बोलावलं.

त्या आल्या. चौकटीवरच्या रेघांना हात लावत लावत आल्या. ती घोळणा फुटलेली मुलगी पहिल्या बाकावर आडवी झाली. दुसरी एक सरळ फरशीवर पालथी पडली आणि गाल टेकवून म्हणाली, ‘मैम, यहाँ तो एसी है!’ मी खडूचा तुकडा शोधला आणि फळ्यावर व्हरांडा काढला, खांब काढला, जूनचा सूर्य काढला. प्रिन्सिपल बराच वेळ दारात उभी होती. मग तिने फोन लावला. तिची नोकरी आहे, मी तिला दोष देत नाही.

अर्ध्या तासात जीप आली. पुढे जे. ई., मागे बाबू, त्याच्या काखेत फाइल. जे. ई. उंबऱ्याबाहेरच थांबला, आत यायला घाबरत होता. आतून साठ मुली त्याच्याकडे बघत होत्या. बाबूने निखळलेल्या दाराकडे पाहिलं, लटकत्या कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘मैडम,’ तो ओरडला, ‘ये क्या हरकत है?’

‘सख्त हरकत है,’ मी म्हटलं. ‘अब तो कर दी. दर्ज कीजिए.’